‘तात्पुरती सोय’चा खरा वेग

४ नोव्हेंबर

ज्यांचं गाणं लोकांना पाठ आहे आणि ज्यांना त्या गाण्याबद्दल आजवर कुणी काही विचारलेलं नाही, अशा माझ्या साथीदारांनो,

ड्रम वाजवणारे मास्तर, गाणारा माझा धाकटा भाऊ आणि सिंथेसायझर वाजवणारा आपला वीजवाला. वीजवाला आता नाही, त्याच्या वतीनं हे पत्र वहिनी वाचतील. बास गिटार वाजवणारी आणि गाणी लिहिणारी चौथी मी. तिघांना एकच मजकूर पाठवते आहे, कारण तक्रार एकच आहे.

कंपनीचं पत्र तुम्हालाही आलं असेल. आपली एकुलती एक रेकॉर्ड ती पुन्हा काढते आहे. ‘लिफ्ट’ हे गाणं आजकालच्या मुलांना सापडलंय म्हणे आणि ती त्यावर नाचतात. आनंद आहे. पण पत्रात काय विचारलंय ते नीट वाचा. ‘आपली संमती पंधरा डिसेंबरपर्यंत कळवावी.’ संमती कशाला, तर आहे ते आहे तसं पुन्हा विकायला. ते कसं आहे हे विचारायची गरज त्यांना वाटलेली नाही. तेव्हाही वाटली नव्हती.

मी स्पष्ट बोलते. स्पष्ट बोलण्यासाठीच मला आयुष्यभर व्यासपीठांवर बोलावलं गेलं आणि त्याच कारणासाठी खाली उतरवलंही गेलं, तेव्हा आता सवय बदलणार नाही. त्या रेकॉर्डचा वेग चुकलेला आहे. त्यावर जो आवाज ऐकू येतो तो माझ्या भावाचा नाही. जी लय ऐकू येते ती मास्तरांच्या हाताची नाही. कुणाची वस्तू चोरीला गेली तर निदान त्याला कळतं की आपलं काही गेलं. आपल्या हाती आपलीच बिघडलेली नक्कल ठेवून सांगण्यात आलं, हे घ्या, हेच तुम्ही. आणि आपण टाळ्या वाजवल्या.

आपला बँड दीड वर्ष चालला. ‘तात्पुरती सोय’ हे नाव आपण थट्टेनं ठेवलं आणि त्या नावानं मात्र शब्द पाळला. त्या दीड वर्षात आपण काय केलं याचा एकही खरा पुरावा जगात नव्हता. आता आहे. वहिनींना माळ्यावर, तारांच्या गुंडाळ्यांखाली, आपल्या रेकॉर्डिंगची टेप सापडली आहे. मूळ टेप नाही, नकलेची नक्कल आहे, वीजवाल्यानं नंतर मागची विजेची घरघर पुसून साफ केलेली. पण आहे. कंपनीचा नियम असा की चौघांपैकी एकानं जरी नकार दिला तरी रेकॉर्ड निघत नाही. म्हणजे या वेळी लगाम आपल्या हातात आहे. वेग दुरुस्त करून दिल्याशिवाय कुणीही होकार कळवू नये. कुणीही. आयुष्यात एकदा तरी आपण आपल्या आवाजात ऐकू येऊ.

तुमची,
ताई

&nbsp;

१५ नोव्हेंबर

प्रिय पिपाणी,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला पिपाणी म्हणू नये हे मला कळतं. पण पाळण्यात असताना तू जो सूर लावायचास त्याला आईनं ठेवलेलं नाव ते, आणि माझ्या तोंडून दुसरं निघत नाही.

तुझं कार्ड मिळालं. ‘ताई, भाषण पोचलं. मी होकार कळवून टाकलाय. आहे तसंच येऊ दे. गुडघा कसा आहे?’ एवढंच. गुडघा बरा आहे. बाकी काही बरं नाही.

मास्तर विचार करतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, तुम्ही तिघं ठरवाल ते. आणि ज्याच्यासाठी मी भांडायला उभी राहिले त्यानंच मागच्या मागे सही करून टाकली. हे माझ्या बाबतीत संपातही घडलेलं आहे, पण तेव्हा निदान समोरचा माणूस माझा सख्खा भाऊ नव्हता.

तू सगळं विसरला आहेस असं समजून लिहिते. म्हणजे तुला चिडून दुरुस्त्या तरी करता येतील.

वीजवाल्याची ती खोली छापखान्याच्या वर होती. खिडकीला गादी लावलेली, दाराला पांघरूण. टेपरेकॉर्डर त्यानं बंद पडलेल्या एका जाहिरात कंपनीकडून आणला होता आणि आतलं अर्धं यंत्र स्वतः जोडलं होतं. दिवसा आपापल्या नोकऱ्या, म्हणून आपण सुट्टी काढून किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळेत पळून येऊन रेकॉर्डिंग करायचो. मास्तर टंकलेखनाच्या वर्गातून यायचे, बोटं अजून टकटकत असायची. तू फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातून यायचास, अंगाला गॅसचा वास. आणि आपलं गाणं सुरू झालं की खाली छापखान्याचं मोठं यंत्र सुरू व्हायचं, आणि वरचा दिवा मंद व्हायचा. आपल्याला ते आवडायचं. तू म्हणायचास, “बघा, कार्यक्रम सुरू झाला, त्यांनी दिवे कमी केले.”

दिव्याबरोबर टेपसुद्धा मंद होत होती, हे आपल्या डोक्यात आलं नाही. आणि आलं नाही कुणाच्या, तर आयुष्यभर लोकांच्या घरातल्या तारा तपासणाऱ्या माणसाच्या. टेप हळू फिरत असताना भरलेला आवाज नीट फिरणाऱ्या यंत्रावर लावला की तो भरभर आणि उंच होतो. संध्याकाळी छापखाना बंद झाल्यावर ऐकताना आपल्याला ते जरा चटपटीत वाटायचंच की. मी म्हटलंही होतं. वीजवाला म्हणाला, “थकलेल्या कानाला सगळंच चांगलं लागतं, ताई.” मग कंपनीनं रेकॉर्डचा नमुना ऐकायला आपल्याला तिच्या ऑफिसात बोलावलं. चौघं उभे राहिलो, कारण खुर्च्या दोनच होत्या आणि त्यांवर साहेब लोक बसले होते.

सुई टेकली, आणि त्यातून एक मुलगा गायला लागला. काचेसारखा. पातळ, उंच, कुणाचीही भीती नसलेला आणि कुणाशीही देणंघेणं नसलेला.

मास्तर म्हणाले, “हा कोण पोरगा?”

वीजवाला पांढरा पडला. त्याला क्षणात कळलं. माझ्या कानाशी लागून तो फक्त म्हणाला, “छापखाना.”

साहेब म्हणाले, “अहो, हा आवाज आजचा नाहीच. हा उद्याचा आवाज आहे.”

मी म्हटलं, “थांबवा ते. यात चूक झालीये. आम्ही पुन्हा रेकॉर्ड करतो.”

आणि तू खिशातले हात न काढता म्हणालास, “ताई, थांब ना जरा. परत लावा हो.”

तू ते पुन्हा ऐकलंस. आणि पुन्हा. मी तुझ्याकडे बघत होते. आरशात स्वतःला नवे कपडे घालून बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तुझा. मग तू म्हणालास, “हा माझ्यापेक्षा बरा गातो.”

ऑफिसच्या जिन्यात आपण मतदान घेतलं. मी बोलले. चांगली बोलले, माझ्या हिशेबानं त्या वयातलं माझं सर्वोत्तम भाषण ते. म्हटलं, ज्या दिवशी माणूस यंत्राच्या चुकीला आपला आवाज म्हणायला तयार होतो त्या दिवशी त्यानं तोंड बंद केलेलं बरं. मास्तर म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे, पण मला माझे हात एवढे चपळ कधी ऐकूच आले नव्हते.” वीजवाल्याला तर चूक झाकायचीच होती बिचाऱ्याला. तीन विरुद्ध एक. पुढे किती मतदानं हरले, सगळी मान्य केली. हे एकच अजून मान्य नाही.

तेव्हा आता ‘आहे तसंच येऊ दे’ म्हणू नकोस. मी माझा होकार देणार नाही.

ताई

&nbsp;

२८ नोव्हेंबर

पिपाणी,

या वेळी तू दोन कार्डं पाठवलीस. म्हणजे राग आलाय. चांगलं आहे.

पहिल्यावर लिहिलंस, ‘तो पोरगा मी नव्हतो, हे कबूल. पण लोकांना तोच आवडला. इतकी वर्षं तो कुणाच्या ना कुणाच्या घरी गातोय. त्याला कशाला मारतेस? हल्ली मुलं ते गाणं मुद्दाम हळू करून ऐकतात, माझ्या लेकीनं ऐकवलं. त्यात मी दारुडा वाटतो. त्यापेक्षा पोरगा बरा.’

आणि दुसऱ्यावर एकच वाक्य. ‘ताई, तुला खरं हवंय की तुझं खरं ठरायला हवंय?’

मी याचं उत्तर लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. मैदानात हजार माणसांतून कुणी असा प्रश्न फेकला तर मी त्याला शब्दांत गुंडाळून परत पाठवते, सगळे हसतात, आणि सभा पुढे जाते. तू मैदानात नाहीस. तू फ्रिजच्या पाठीशी उकिडवा बसून हा प्रश्न विचार करकरून लिहिला असशील. तेव्हा उत्तर राहू दे. मी तुला दुसरं काही लिहिते.

आपण रेकॉर्डला शरण गेलो. तुझी पहिली अडचण ही की आता रंगमंचावर त्या पोराच्या पट्टीत गायला हवं, नाहीतर लोक म्हणणार, हे काही रेकॉर्डसारखं नाही. वीजवाल्यानं सिंथेसायझर वर चढवला. मी बासच्या तारा ताणल्या. कार्यक्रमाआधी रोज मी त्या तारा अशा रागानं पिळायचे की एक तुटली, माझ्या गालावर आली, आणि मी तसाच गाल घेऊन वाजवलं. लोकांना वाटलं तो मेकअप आहे. आपले ते खांदे फुगवलेले कोट, अरुंद टाय, साखरेच्या पाण्यानं उभे केलेले केस. एका गावात तुझ्या डोक्यावर मुंग्या चढल्या आणि तू गाता गाता मानेला झटके देत होतास. दुसऱ्या आठवड्यात पुढच्या रांगेतली मुलं तश्शीच मान झटकत होती. आपण किती हसलो होतो त्या रात्री.

यंत्राला ताण पडत नाही, आणि तारा बदलता येतात. गळा मात्र एकच असतो. सगळ्यांनी आपापलं वाद्य वर चढवलं आणि तू स्वतःला चढवलंस. ‘चौथा मजला, चौथा मजला, कुणीच उतरत नाही’ मधला तो ‘नाही’ तू रोज वरच्या वर गाठायचास. उतरल्यावर कोपऱ्यात जाऊन गरम पाणी प्यायचास आणि हातानं ‘ठीक आहे’ म्हणायचास.

हे मला दिसत होतं. ‘नाही’ हा शब्द मी लिहिला होता. तो मी काढू शकले असते. आपण सगळं थोडं खाली घेऊ, लोक गेले उडत, असंही मला म्हणता आलं असतं, आणि बाकीच्यांनी ऐकलं असतं, कारण तुझी अवस्था त्यांनाही दिसत होती. मी तसं म्हटलं नाही. मी मतदान हरले होते ना. मला तेव्हा वाटायचं की हरलेल्या माणसानं चूक दुरुस्त करायची नसते, ती पुरती दिसू द्यायची असते. ही फार शहाणी माणसं करतात ती घोडचूक आहे. पुढे सभांतून मी शंभर वेळा सांगितलं की बरोबर असणं पुरत नाही. कुठून शिकले हे कुणी विचारलं नाही.

शेवटचा कार्यक्रम तुझ्याइतकाच मलाही पाठ आहे. मोठं सभागृह, लोक खुर्च्यांवर उभे. ‘लिफ्ट’ चालू होतं. तू ‘कुणीच उतरत’ म्हणालास आणि पुढचा शब्द आलाच नाही. तोंड उघडं होतं. मान मागे गेलेली. आवाज नाही. आणि त्याच क्षणी अख्ख्या सभागृहानं तो शब्द गायला. त्या पोराच्या पट्टीत, बरोब्बर. त्यांना वाटलं तू मुद्दाम त्यांच्यासाठी सोडलास. केवढ्या टाळ्या. दुसऱ्या कडव्यालाही तू तोंड उघडलंस आणि त्यांनी गायलं. मास्तरांनी मागून मला विचारलं, “थांबू का?” मी मान हलवली, नाही. थांबलो असतो तर त्यांना कळलं असतं. आपण गाणं पुरं केलं. आपल्या बँडला मिळालेल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या, आणि त्यात तू एक अक्षरही म्हटलं नव्हतंस.

डॉक्टर म्हणाले होते, गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर बोलायचं नाही. तू महिनाभर पाटीवर लिहिलंस. आई म्हणायची, “हा एक गप्प झाला तर घरात घड्याळ ऐकू यायला लागलं.” मग महिना संपला. तू आईशी बोललास. दुकानात गिऱ्हाइकांशी बोललास. पुढे लग्न केलंस, बायकोशी बोललास, लेकीला झोपवताना गोष्टी सांगितल्यास असंही मला कळलं. माझ्याशी बोलला नाहीस.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मला जमतं. आपल्यात यावरून भांडण कधी झालंच नाही. मी फोन केला की तुझी बायको म्हणते, “ते ना, आत्ताच बाहेर पडले, ताई,” आणि मला मागे तुझ्या पान्ह्याचा आवाज येतो. ती तरी काय करणार. मी म्हणते, “बरं, आला की सांग.” ती म्हणते, “सांगते हं.” आम्ही दोघी हे इतकी वर्षं इतक्या प्रामाणिकपणे करतो आहोत की आता त्यात खोटं काही उरलेलं नाही. आई गेली तेव्हा तू आलास, दिवसभर माझ्या शेजारी बसलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास. एक शब्द नाही. मला वाटलं शोकात आहे. मग उठताना शेजारच्या काकांना तू काहीतरी म्हणालास, आणि मी तुमच्या दिशेनं वळले, तसा तू वाक्य अर्धं टाकलंस.

तेव्हा मला कळलं. तुला राग नाही माझा. तुझा तो फुटका आवाज मी ऐकू नये, एवढंच तुला हवं आहे. जगात सगळ्यांनी ऐकला तरी चालेल, पण जिनं आधीच सांगितलं होतं तिनं नाही.

मी तीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर, ट्रकच्या फाळक्यांवर उभी राहून ओरडते आहे. भोंगा नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचते. घसा ठणठणीत. एकाच आईचा गळा दोघांना मिळाला, त्यातला एक टिकला, आणि टिकला तो नेमका कुणाचा बघ.

कंपनीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

ताई

&nbsp;

९ डिसेंबर

पिपाणी,

तू लिहिलं नाहीस. मी तरीही लिहिते आहे, कारण काल जे झालं ते तुला मास्तर सांगतील आणि तिखटमीठ लावून सांगतील. त्याआधी माझ्याकडून ऐक.

कंपनी नमली. मी अडून बसले म्हणून त्यांनी आम्हाला त्यांच्या स्टुडिओत बोलावलं. वहिनींनी टेप पिशवीत घालून आणली, वर रुमाल बांधून, दुधाचं भांडं आणावं तशी. मास्तर आले. निवृत्त झालेत, टक्कल पडलंय, पण खुर्चीत बसले की मांडीवर बोटं चालूच. तंत्रज्ञ बाईनं टेप लावली. तिच्या यंत्रावर एक गोल बटण आहे. ते डावीकडे फिरवलं की आवाज खाली आणि हळू जातो, उजवीकडे फिरवलं की वर. ती म्हणाली, “किती फरक होता ते मला मोजून सांगता येणार नाही. मागची विजेची घरघर असती तर तिच्यावरून कळलं असतं, पण ती पुसलेली आहे. तुमचा सिंथेसायझर कोणत्या सुराला लावला होता?”

मी म्हटलं, “तो गरम झाला की सूर सोडायचा. आम्ही सगळे त्याच्या मागे मागे सूर लावायचो.”

“आणि खालचं यंत्र रोज सारखंच चालायचं का?” तिनं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “छे हो. काम असेल तसं.” म्हणजे प्रत्येक गाण्याची चूक वेगळी. एका बटणानं सगळी रेकॉर्ड सुधारायची नाही, गाणं गाणं सुटं घ्यावं लागणार.

“मग तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मी हळूहळू खाली आणते. आवाज ओळखीचा झाला की थांबवा.”

तिनं ‘लिफ्ट’ लावलं. इतक्या वर्षांनी घोडामैदान समोर आलं होतं. पोरगा गायला लागला. बटण फिरू लागलं. पोरगा वयात येऊ लागला, आवाजाला कड आली, छातीचा भाग आला. मास्तर म्हणाले, “इथे! हा माझा हात.” मी म्हटलं, “अजून खाली. तुमच्या हाताचं नंतर बघू.” थोड्या वेळानं मी म्हटलं, “हां. हा.” वहिनी म्हणाल्या, “नाही बाई. वर घ्या थोडं. हे इतकं उदास नव्हतं. तो आमच्याकडे जेवायला बसला की गायचा, तेव्हा शेजारचे खिडकीत यायचे.”

मास्तर म्हणाले, “ताई, तुम्ही त्याला म्हातारा करताय.”

मी म्हटलं, “आणि तुम्ही त्याला टंकलेखनाला बसवताय.”

बाईनं तिघांची ठिकाणं टिपून घेतली. मग दुसरी दोन गाणी झाली, चहा झाला. मग न सांगता तिनं पुन्हा ‘लिफ्ट’ लावलं, या वेळी खालून वर आणत. सुरुवातीला दारुडा. तुझं बरोबर आहे, भयंकर वाटतं. मग तो शुद्धीवर येऊ लागला. मी डोळे मिटले होते. मी म्हटलं, “बस, हाच.” पूर्ण खात्रीनं म्हटलं. तू ओळखतोस ती खात्री.

तिनं आकडा बघितला. मघाशी मी जिथे थांबवलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी वर थांबवलं होतं. मास्तरांच्याही वर. तो पोरगा तिथून फार लांब नव्हता.

तिनं तोही आकडा टिपून घेतला. मास्तरांनी उरलेला चहा संपवला, आणि मास्तर अशी संधी सोडणाऱ्यातले नाहीत. मी म्हटलं पुन्हा लावा. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिसरीच जागा.

ज्या आवाजासाठी मी त्या जिन्यात भांडले, ज्यासाठी गेला महिनाभर तुम्हा सगळ्यांना वेठीला धरलं, तो मला आठवत नाही, पिपाणी. मला तो पोरगा आठवतो, कारण तो रेडिओवर लागतो. मला पाटीवरची तुझी अक्षरं आठवतात. आईला हाक मारणारा, माझ्याशी भांडणारा, आंघोळ करताना ओरडणारा माझा भाऊ कसा ऐकू यायचा, ते गेलं आहे. कधी गेलं ते कळलंही नाही. मला वाटत होतं मी ते जपून ठेवलं आहे. मी फक्त माझा मुद्दा जपून ठेवला होता.

बाहेर पडताना मास्तर म्हणाले, “पिपाणीला बोलवा. आपण तिघं उगाच दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून बघतोय.” मी म्हटलं, “तो येणार नाही.” ते म्हणाले, “तुम्ही विचारलंत का कधी? तुम्ही त्याला नेहमी सांगता.”

ताई

&nbsp;

११ डिसेंबर

पिपाणी,

हे छोटं लिहिते.

तू विचारलं होतंस, खरं हवंय की माझं खरं ठरायला हवंय. दोन्ही हवं होतं, आणि मी ते एकच समजत होते.

आज सकाळी कंपनीला माझा होकार कळवून आले. बिनशर्त. म्हणजे आता अडवायला माझ्या हातात काही नाही. तू आला नाहीस तर रेकॉर्ड आहे तशीच निघेल, आणि मी त्याबद्दल कुठल्याही व्यासपीठावर एक शब्द काढणार नाही. कंपनीची मुदत सोमवारी संपते. शनिवारी त्या तंत्रज्ञ बाईनं सकाळचा वेळ मोकळा ठेवला आहे. मागितला मी, पण तुझ्यासाठी.

तिथे कुणी तुला गायला लावणार नाही. टेप वाजेल आणि बटण फिरेल, एवढंच. तुला त्या पोरापाशीच थांबायचं असेल तर तिथे थांब. तो तुझा आहे, सगळ्या लोकांआधी तुझा होता, आणि त्याला मारायचा हक्क मला कधीच नव्हता. खाली यायचं असेल तर खाली ये. मधे कुठेतरी थांबायचं असेल तर मधे. मास्तर आपल्या हाताबद्दल वाद घालणार नाहीत, तसं कबूल करून घेतलंय. वहिनी येणार आहेत. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसेन आणि बोलणार नाही. हे वाचून तू हसशील, पण खरंच बोलणार नाही.

बटण तुझ्या हातात देता येत नाही, ते तिच्याच हातात असतं. तेव्हा तुला तोंडानं सांगावं लागेल. माझ्यादेखत. जो काही आवाज आता आहे त्या आवाजात. फाटका असेल, बसका असेल, निम्मा वारा असेल. मला तो ऐकायचा आहे. त्या रेकॉर्डपेक्षा जास्त ऐकायचा आहे, आणि हे मी तुला फार आधी लिहायला हवं होतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता स्टुडिओत ये, त्या बाईच्या शेजारी बस, आणि जिथे थांबायचं तिथे मोठ्यानं ‘बस’ म्हण.

ताई